पुडीबद्दल कुणाशी बोलायचं नाही

माझी आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरची भाजायला होती. संध्याकाळी घरी आली की आधी गॅलरीत उभी राहून पदर झटकायची, आणि शेजारच्या खोलीतली माणसं शिंकायला लागायची. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी बालवाडीतही गेलो नव्हतो. मग ते दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या गोण्या उचलायला लागले. आमच्या खोलीला कायम दोन वास असायचे, एक तिखटाचा आणि एक कुजत चाललेल्या फुलांचा. रात्री पेज आणि भाजलेली सुकट. आई खोकायची, बाबा कमरेला हात लावून भिंतीला टेकून बसायचे. गणपतीला गावी जाणं जमलं नाही त्या वर्षी आई मोरीत पाणी सोडून रडली होती, म्हणजे आवाज येऊ नये.

ही गरिबी मी मिरवत नाही. पुढे जे झालं ते कळायला ही माणसं कळायला हवीत, म्हणून लिहिलं.

मी बी.कॉम. आहे. आमच्या दोन्ही घराण्यांत पहिला पदवीधर. मला फुटबॉलमुळे दादरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, पण परीक्षा मी माझ्या जोरावर पास झालो. बाबांनी पदवीला फ्रेम करून ती टीव्हीच्या वर लावली. माझी पदकं खिळ्याला लटकत होती, फ्रेम फक्त पदवीला.

आमच्याकडे फुटबॉल म्हणजे चेष्टेचा विषय. चाळीतले म्हणायचे, "कबड्डी खेळ, नायतर हंडीला वरच्या थरावर जा. चेंडूला लाथा मारून कोण मोठा झालाय?" मी उजव्या बाजूने पळायचो. माझ्या मागे आलेला बचावपटू कधी पुढे गेला नाही, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, मला पाहिलेला कुणीही सांगेल. माझ्या बॅगेला मसाल्याचा वास यायचा म्हणून संघात मला 'मसाला' म्हणायचे. मला ते नाव आवडायचं.

गुडघा

अँटॉप हिलजवळच्या एका मैदानात माझा पाय खड्ड्यात गेला. आवाज मलाच ऐकू आला. ओली फांदी मोडल्यासारखा. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं, मी परत उभा राहिलो, परत खेळलो. मग दुसऱ्या पायाचा घोटा. मग पुन्हा तोच गुडघा, सामना झाला की नारळासारखा सुजायचा. आमचे प्रशिक्षक सर म्हणाले, "थांब रे सहा महिने." राज्याच्या संघाची निवड तोंडावर होती. थांबलेल्या खेळाडूला कोण लक्षात ठेवतं?

त्या वर्षी आई गणपतीला गावी गेली आणि येताना पुड्या घेऊन आली.

आमच्या गावात दाजी औषध देतात. त्यांचे वडीलही द्यायचे. आईचा भाऊ लहानपणी काविळीने जायला टेकला होता, तो दाजींच्या वडिलांच्या पाल्याने उठला. दाजी पैशाला हात लावत नाहीत. दारात एक नारळ ठेवायचा, औषध घ्यायचं, मागे वळून न बघता निघायचं. आणि नियम एकच, औषधाबद्दल कुणाकडे बोलायचं नाही. बोललं की गुण जातो.

आई म्हणाली, "झिला, दोन येळ कोमट पाण्यातसून घे. आणि खंय बोला नको हां."

"आई, यात काय आहे ते तरी सांग."

"पालो असा. इचारूचा नसता."

मी विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण आईने ती पुडी माणसांनी खचाखच भरलेल्या गाडीत उभं राहून छातीशी धरून आणली होती. मी घेतली. आणि चारच दिवसांत माझा गुडघा बोलायचा बंद झाला. सूज नाही, ठणका नाही. ज्या गुडघ्यापुढे डॉक्टर, बर्फ, पट्ट्या सगळं हरलं होतं, तो गुडघा एका राखाडी पुडीने गप्प केला. तुम्ही काय केलं असतं?

मग जो कोणी गावी जाई तो पुड्या आणत गेला. वर्ष उलटून गेलं.

अंगाला लागलं

माझे गाल भरले. गळ्याखाली, खांद्यावर मांस आलं. भूक इतकी लागायची की आई माझ्यासाठी वेगळा टोप चढवायची. ती खूश होती. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "पोराच्या अंगाला लागलंय हो, क्लबातलं खाणं मानवलंय." राज्याच्या संघात माझं नाव आलं तेव्हा मंडळाने नाक्यावर अभिनंदनाचा फलक लावला. फलकावर माझा गोल, गुबगुबीत चेहरा. आईने त्या फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

एका सामन्यानंतर माझी लघवी तपासायला घेतली. उत्तेजक द्रव्यांची तपासणी करणारी दोन माणसं, एक माझ्याबरोबर आतपर्यंत. नेहमीची गोष्ट, कुणाचीही घेतात. त्यातल्या एकाने विचारलं, गेल्या आठवड्यात काय काय घेतलंस? मी सर्दीची गोळी सांगितली, व्हिटॅमिन सांगितलं. पुडी सांगितली नाही. लपवायची म्हणून नाही. पुढच्या आठवड्यात उपांत्य सामना होता आणि माझा गुडघा चालत होता. बी.कॉम. झालेला मी, गुण जाईल म्हणून गप्प बसलो.

काही आठवड्यांनी सरांचा फोन आला. "मसाला, तू काय खाल्लंस?"

"काय सर?"

"स्टिरॉइड सापडलंय तुझ्यात."

मला हसू आलं होतं, खरं सांगतो. मी म्हटलं, "सर, माझ्याकडे व्हिटॅमिनला पैसे नसतात." ते हसले नाहीत. म्हणाले, "बाहेरचं जे काही घेत असशील ते आज, आत्ता बंद कर. आणि मैदानावर येऊ नको."

मी पुडी बंद केली. त्याच दिवशी, एकदम. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी पुडी घेत असेल तर त्याच्यासाठी इथे थांबून लिहितो. एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती तब्येत नव्हती

आठवडाभरात मी जिना चढू शकेना. उलट्या, चक्कर, अंगात पाणी भरल्यासारखा जडपणा. बाबांना वाटलं मी धसका घेतलाय. एका सकाळी मी नळावर कोसळलो. बाबांनी आणि शेजाऱ्याने मला टॅक्सीत घातलं आणि परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथली तरुण डॉक्टर बाई माझा रक्तदाब बघून गंभीर झाली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चेहरा कधीपासून असा सुजलाय?"

आईला राग आला. "सुजलो नाय ओ. ती तब्येत असा."

"जुना फोटो आहे का यांचा?"

आईने पिशवीतून फोन काढला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा फोटो होता, गालफडं बसलेली, मान काडीसारखी. डॉक्टरांनी फोन माझ्या गालाशी धरला. आईने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटतं तिला तेव्हाच कळलं. तिने फोन परत घेतला नाही, तो डॉक्टरांच्याच हातात राहिला.

"गावठी औषध काही?" डॉक्टरांनी विचारलं. मीच सांगितलं, पुडी आहे.

डॉक्टर म्हणाल्या, अशा पुड्यांत कुटलेल्या गोळ्या खूप वेळा निघतात. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. आणि अचानक तोडलं की माणूस असा पडतो. मग ज्या औषधाने मला बुडवलं तेच त्यांनी सलाईनमधून देऊन मला उठवलं, आणि पुढे कित्येक महिने थोडं थोडं कमी करत नेलं.

मसाल्याच्या दुकानात हिंग ताजा की जुना, धण्यात काय मिसळलंय, हे आई चिमूट नाकाशी धरून सांगायची. गिऱ्हाइकं तिला विचारून घ्यायची. ती पुडी तिने रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने माझ्यासाठी कोमट पाण्यात सोडली होती.

मी बरा होत होतो तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, जांघेत दुखतं, चालताना. त्यांनी एमआरआय काढायला सांगितलं. रिपोर्ट सांगायला हाडांच्या विभागाचे मोठे सर आले. खाटेच्या कडेवर बसले. इस्पितळात मोठे सर खाटेवर बसले की समजावं.

"खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय, हाड मरत चाललंय. उजव्या बाजूला जास्त, डाव्या बाजूला कमी. स्टिरॉइडमुळे होतं."

"सर, मी कधीपर्यंत खेळायला लागेन?"

त्यांनी चष्मा काढला. "चालण्याचं बघूया आधी."

बंदीचा निकाल अजून यायचा होता. मी तोपर्यंत मनात धरून होतो की निर्दोष सुटेन, पुन्हा खेळेन. बंदी संपते. मेलेलं हाड परत येत नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या, मी त्यांच्याकडे बघत राहिलो. रडायला आलं नाही. काहीच आलं नाही.

वॉर्ड

सकाळी सफाईवाले मामा फरशी पुसायला यायचे तेव्हा सगळ्यांना पाय वर घ्यायला सांगायचे. अस्थिविभागात ही मोठी थट्टा होती. अर्ध्या वॉर्डाचे पाय आधीच वर टांगलेले असायचे. मग पाव-दूध, मग राउंड, मग ड्रेसिंग, आणि भेटीच्या वेळेपर्यंत नुसता पंख्याचा आवाज. माझ्या खुब्याच्या हाडात भोक पाडून रक्त वाहतं करायचा प्रयत्न झाला. रक्त वाहिलं नाही.

शेजारच्या खाटेवर कोळीवाड्यातले एक नाखवा होते. होडीतून धक्क्यावर उडी मारताना मांडी मोडलेली. लघवीचं भांडं हवं असलं की मला ओरडायचे, "फुटबॉलवाल्या, पास दे रं!" मी काठीने भांडं ढकलायचो. गेलं तर म्हणायचे, "गोल!" अडकलं तर म्हणायचे, "तुला काढला संघातून, बरा केला."

पहिल्यांदा कुणी असं बोललं तेव्हा मी तोंड फिरवलं. मग मी हसलो. पुष्कळ दिवसांनी.

एका दुपारी त्यांनी सरळ विचारलं. तोवर कुणी विचारलं नव्हतं. चाळीतल्या ग्रुपवर माझं नाव आता 'पावडर' होतं, पण समोर सगळे तब्येतीची चौकशी करायचे.

"खाल्लीस का रं तू?"

"खाल्ली. काय आहे ते माहीत नव्हतं."

"मंग झालं," नाखवा म्हणाले आणि कुशीवर वळायचा प्रयत्न करून आई गं म्हणून ओरडले. त्यांचं 'मंग झालं' मला कुठल्याही वकिलापेक्षा जास्त पुरलं. त्यांना सोडलं त्या दिवशी वॉर्ड मोठा वाटायला लागला.

नाव

बंदीची सुनावणी लॅपटॉपवर होती. कॉलेजमधली माझी मैत्रीण सायली वकील झाली होती, ती माझ्या बाजूने उभी राहिली. तिने आधीच समजावलं होतं. उरलेल्या पुडीत प्रयोगशाळेला स्टिरॉइड सापडलंय, पण ती फोडलेली पुडी आहे. उद्या कुणी म्हणेल, तूच मिसळलंस. ती कुणाकडून आली, त्या माणसाचं नाव हवं, त्याच्याकडची दुसरी पुडी हवी. आणि आणली आईने. म्हणजे नाव आईनेच सांगायला हवं. मी सांगितलं तर ते ऐकीव.

आई इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसली. मी कुबड्या घेऊन तिच्या बाजूला. पलीकडून हिंदीत विचारलं, पुडी कुणी दिली?

"गाव के आदमी ने."

"नाव?"

आईने पदर खांद्यावर ओढून घेतला.

"माताजी, नाव सांगा. तुमच्या मुलासाठी महत्त्वाचं आहे."

तिचा अंगठा साडीच्या काठावर फिरत होता. मी हळूच म्हटलं, "आई, दाजी म्हण. फक्त दाजी." तिने मान खाली घातली. पलीकडचे लोक वाट बघत होते. सायलीने दोनदा विनंती केली. शेवटी त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

खुलासा अपुरा ठरला. मला दोन वर्षांची बंदी आली, निकालात कुठेही कुणी म्हटलं नाही की हा मुलगा खोटं बोलत नाही.

घरी आल्यावर बाबा तिला म्हणाले, "तुझ्या जिभेक काय झाला होता गे?"

"तेच्या बापाशीन माझ्या भावाक जित्तो केल्यान," आई म्हणाली. "तेचा नाव कसा घेव मी? सगळो गाव थुकतलो माझ्यार."

"आणि हो? हो कोणाचो?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

त्यानंतर बाबा तिच्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. ताट घ्यायचे, जेवायचे, ताट मोरीत ठेवायचे. आईने मसाल्याचं काम सोडलं. घरातही ती कशात काही चिमूटभर टाकायची नाही. मीठसुद्धा ताटात बाजूला, ज्याचं त्याने घ्यावं. मीही तिच्याशी नीट बोललो नाही. बोललो असतो तर काय बोललो असतो, मला ठाऊक नाही. तिच्यावर ओरडावं एवढीही ताकद माझ्यात उरली नव्हती. दिवसभर पडून मी छताकडे बघायचो. गॅलरीतल्या गळक्या पत्र्याखाली कुणीतरी मंडळाचा जुना फलक ताणून बांधला होता. खालून बघितलं की माझा अर्धा गाल आणि 'अभिनंदन'मधलं 'दन' दिसायचं. कुणाला तो काढायचं सुचलं नाही. मलाही नाही.

उजवा खुबा बदलावा लागला. त्या वॉर्डात त्या ऑपरेशनला आलेले बाकी सगळे आजोबा-आजी होते. नर्स माझ्या वयाचा रकाना भरताना थांबली आणि पुन्हा विचारून घेतलं.

गाव

गेल्या वर्षी आई म्हणाली, गावी जाऊया. आम्ही तिघं गेलो, मी काठी टेकत. आमच्या देवळात जत्रेआधी गावची बैठक बसते, कामं वाटून घ्यायला. पुरुष पुढे, बायका मागे खांबांपाशी. बायका बोलत नाहीत. दाजी पुढच्याच रांगेत होते, खांद्यावर पंचा, लोक येता-जाता त्यांच्या पायाला हात लावत होते.

पालखीचं ठरत असताना आई उठली.

"माका बोलूचा असा."

एक जण म्हणाला, "गे बाय, खाली बस. मागाहून."

"मागाहून नाय." आईचा आवाज फाटत होता. तिने माझा दंड धरला आणि मला खांबामागून पुढे ओढलं. "हो माझो झील. वाऱ्यासारखो धावत होतो. आता चलता कसो तां बघा." तिने मला चालायला लावलं. देवळाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, काठी तिच्या हातात आणि मी लंगडत त्या टोकापर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दाजीन दिलेल्या पुडीन ह्या झाला. दाजीन. ती पुडी तुमच्याय घरात असा, माका म्हायत असा. बोललंय तर गुण जाता म्हणतास. जाव दे गुण."

दाजींनी पंचा सारखा केला. मला वाटलं ते भांडतील, शाप देतील. ते नुसतं म्हणाले, "माका गुण दिसलो म्हणान मी देत रवलंय," आणि उठून गेले. गोळ्या कोण कुटायचं, ते स्वतः की आणखी कुणी, त्यांना काय माहीत होतं, हे मला आजही माहीत नाही. सायलीने रीतसर तक्रार केली आहे, तिचं चालू आहे.

मागून एक म्हातारी ओरडली, "मगे माझ्या ढोपरांक कोण बघतलो? तू?"

आईने काठी माझ्या हातात दिली. बैठक पुन्हा पालखीवर आली. आम्ही बाहेर आलो तर आमच्या चपलांपाशी बाबा उभे होते. त्यांनी आईच्या चपला सरळ करून तिच्या पुढ्यात ठेवल्या.

बंदी संपली आहे. मी खेळत नाही, खेळणार नाही. डावा खुबाही कधीतरी बदलावा लागेल. एका कारखान्याच्या हिशोब विभागात मी नोकरी करतो, पदवीच्या जोरावर. सपाट रस्त्यावर काठीशिवाय चालतो. त्या बैठकीनंतर वाडीतल्या तीन घरांतली माणसं माझ्याबरोबर तालुक्याच्या डॉक्टरांकडे आली, त्यांची पुडी हळूहळू बंद केली. बाकीचे अजून नारळ घेऊन जातात. तीन घरांत आता ती पुडी नाही.